हर्षदाचा वाढता आकडा

१

गोजाबाई सकाळी गोदाम झाडायला आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाल्याच्या पोत्यांवर हर्षदा कुशीला वळून पडली होती. डब्या भरता भरता पोरीचा डोळा लागला असेल, असं गोजाबाईला वाटलं. तिनं हाक मारली, मग खांद्याला हात लावला. हात लावताच ती जी मागे सरली ती थेट रस्त्यावर येऊन दुकानाच्या पायरीवर बसली. कुणी काहीही विचारलं तरी तिला एवढंच सांगता येत होतं, की पोर गार पडलीय.

जव्हारात हर्षदाला ओळखत नाही असं माणूस विरळा. एसटी आगारासमोर तिचा फलकच लागला होता. डावीकडच्या फोटोत गोबऱ्या गालांची, हसली की डोळे मिटणारी मुलगी. उजवीकडे तीच, पण गाल आत गेलेली, कमरेवर हात ठेवून उभी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वनकाया. भूक ताब्यात, काया बेतात.' कांतीलाल शेठच्या दुकानातल्या या वनस्पतींच्या कॅप्सूल खपायच्या त्या हर्षदामुळं. शिरपामाळ बघायला आलेले नाशिक-मुंबईचे लोकसुद्धा गाडी थांबवून तिला डोळ्यांनी बघून घेत आणि मग डबी विकत घेत.

उपनिरीक्षक चंद्रकला भोये गोदामात शिरली तेव्हा बाहेर अर्धी बाजारपेठ जमली होती. चंद्रकला मूळची मोखाड्याकडची, खेड्यातून शिकून पोलिसात आलेली. तिच्या स्वतःच्या कपाटातही नणंदेनं दिलेली 'वनकाया'ची एक डबी पडून होती. उघडून बघितलेली, पण घेतलेली नाही.

झटापटीची खूण कुठंच नव्हती. हर्षदाच्या मुठीत कॅप्सूलची डबी होती. उशाशी पाण्याच्या मोठ्या बाटल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. आणि तरी तिचे ओठ सुकून फाटले होते. इतकं पाणी प्यायलेल्या माणसाचे ओठ असे का, हे चंद्रकलाला कळेना.

कांतीलाल शेठ मुलाचा दंड धरून आत आले. साखरेच्या आजारानं त्यांची नजर बरीच गेली होती. हर्षदा कुठं आहे ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते पोत्यांच्या भलत्याच बाजूला तोंड करून बोलत राहिले. आमच्या मालात खोट नाही, पाला चुकीचा आला असणार, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पाला कोण आणतो, असं चंद्रकलानं विचारलं.

"तिचा बापच आणतो, मॅडम," शेठ म्हणाले.

तो बाप दुपारी मोखाड्याकडून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आला. तो दवाखान्यात गेला नाही. सरळ पोलीस ठाण्यात आला, चंद्रकलाच्या टेबलापुढं खाली बसला आणि दोन्ही हात पुढे केले.

"पोर मी मारली, बाय," देवजी म्हणाला. "मला आत घ्या."

२

चंद्रकलानं त्याला पाणी दिलं. तो प्याला नाही. मग हळूहळू त्यानं सांगितलं ते असं.

दोन वर्षांपूर्वी शेठचा मुलगा चैतन्य त्यांच्या पाड्यावर आला होता. नाशिकला औषधांचं शास्त्र शिकून आलेला, गोड बोलणारा. भूक कमी करणारा पाला रानात मिळतो का, असं तो विचारत होता. लोक हसले होते. देवजीच म्हणाला होता, की साहेब, भूक मारायला पाला कशाला, आमच्याकडं ती आपली आपण मरते. पण त्यानं पाला दाखवला. शहरात गुडमार म्हणतात तो वेल, पाड्यावरचे लोक त्याला बेडकीचा पाला म्हणत. पाल्याच्या पहिल्या पोत्याबरोबर बारावी झालेली हर्षदाही दुकानात कामाला आली. आई लहानपणीच गेलेली. घरात बाप आणि लेक दोघंच. पोरीला चांगल्या घरी सावली मिळाली, असं देवजीला वाटलं होतं.

या खेपेला पाला तोडताना त्याच्या अंगात ताप होता. ओढ्याकाठी दोन-तीन वेल एकमेकांत गुंतलेले असतात. त्यातला दुसराच कुठला तरी पोत्यात गेला असेल. काय तोडलं, काय नाही, आता त्याला काही आठवत नव्हतं. आपल्याच हातानं विष तोडलं आणि लेकीच्या तोंडात घातलं, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

शेठची तक्रारही हेच सांगत होती. आरोपी स्वतःहून चालत आला होता. ठाण्यातल्या सगळ्यांना वाटलं, प्रकरण मिटलं. चंद्रकलाला मात्र त्या रिकाम्या बाटल्या दिसत होत्या.

तिनं गोदामातलं पोतं मागवलं आणि देवजीपुढं ओतलं. त्यानं एकेक पान उलटून पाहिलं. सगळं एकाच वेलाचं होतं. तरी त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा बसेना. तेव्हा चंद्रकलानं त्या ढिगातली मूठभर पानं उचलली आणि तोंडात टाकली. देवजी घाबरून तिचा हात धरायला उठला. ती चावत राहिली. पान कडवट होतं. देवजीनंच मग खालच्या आवाजात सांगितलं, की बेडकीचा असेल तर आता गूळ गोड लागणार नाही. शिपाई चंदूनं समोरच्या टपरीवरून गुळाचा खडा आणला. चंद्रकलानं तो जिभेवर ठेवला. ओली माती चघळावी तसं वाटलं. गोडीचा मागमूस नव्हता.

"जिभेला पाला लागला की गोडी मरते," देवजी म्हणाला. "हर्षी लहान होती ना, तवा दुसऱ्या पोरांना पाला चावायला द्यायची, मंग साखर द्यायची, आन् त्यांची तोंडं बघून हसायची."

हे सांगताना त्याला क्षणभर हसू आलं आणि त्या हसण्यातच त्याचा बांध फुटला.

तासाभरानं तिनं त्याला सांगितलं, की हे बघा, देवजीदादा, मला काही झालेलं नाही. त्यावर तो म्हणाला, की तुम्ही एक मूठ खाल्ली, ती रोज खायची.

मग चंद्रकलानं विषय बदलला. हर्षदा फोनवर काय बोलायची, असं विचारलं. रोज संध्याकाळी फोन यायचा, देवजी म्हणाला. हल्ली दमते म्हणायची. पण खुशीत असायची.

"म्हणायची, बाबा, माझा आकडा वाढला. चारशे झाला. मंग म्हणाली, पाचशेला टेकला. लई आनंद झालेला तिला. मला वाटलं, दुकानात मार्क देत असतील."

चंद्रकलानं त्याच्याकडं बघितलं. हर्षदाचं वजन तर घटत चाललं होतं. सगळ्या गावानं बघितलं होतं. मग वाढत होता तो आकडा कसला?

३

शेठचं घर दुकानाच्या मागेच होतं. चंद्रकला तिथं जाऊन एकेकाशी वेगळी बोलली.

कांतीलाल शेठ आरामखुर्चीत बसून होते. पोर माझ्या घरची होती, असं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता, पण पाल्यावरचा आरोप त्यांनी सोडला नाही. आकड्याचं विचारताच ते म्हणाले, की विकलेल्या डब्यांचा असेल. आपल्याला दुकानातलं आता काही दिसत नाही, घड्याळ किती वाजले तेसुद्धा बायकोला विचारावं लागतं, सगळं चैतन्य बघतो.

चैतन्यकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार होतं. हर्षदा रोज कॅप्सूल घ्यायची आणि तो ते चित्रित करून फोनवर टाकायचा. ती ठणठणीत होती. आदल्या दिवशीही हसत कामाला होती. आकडा म्हणजे त्या व्हिडिओ बघणाऱ्यांचा, दुसरा कुठला असणार? त्यानं आपला फोन उघडून दाखवला. चंद्रकलानं बघितलं. सगळ्यात साध्या व्हिडिओलाही हजारांनी लोक होते. चारशे-पाचशेचा आकडा तिथं कुठंच नव्हता. तिनं फोन परत दिला.

जाता जाता चैतन्य म्हणाला, की होळीनंतर मुंबईची एक मोठी कंपनी 'वनकाया' घ्यायला येणार होती. त्या लोकांना हर्षदाला प्रत्यक्ष बघायचं होतं. आता सगळंच बुडालं. हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं मान खाली घातली.

कुसुमावतीकाकू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांना धड बोलता येत नव्हतं. मुलगी नव्हती हो मला, एवढंच त्या म्हणत होत्या. दुकानातल्या सगळ्यांना देत तसाच चहा हर्षदालाही दोन वेळ आपल्या हातानं देत होते, तिला कधी परकं मानलं नाही. आकड्याबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही, असं त्यांनी सांगितलं, पण ते सांगताना त्या चंद्रकलाकडं न बघता चुलीवरच्या भांड्याकडं बघत होत्या.

तिघंही हादरलेले होते. तिघांचं दुःख चंद्रकलाला खरं वाटलं आणि म्हणूनच तिला काही सुचेना.

एवढ्यात सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला.

"विष नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही या. मुलीची बोटं तुम्ही बघायला हवीत."

४

डॉक्टर वयस्कर होते, शांत बोलणारे. त्यांनी जे सांगितलं ते चंद्रकलानं उभ्यानंच ऐकलं.

हर्षदा साखरेच्या आजारानं गेली होती. हा आजार म्हाताऱ्यांनाच होतो असं लोक समजतात, पण त्याचा एक प्रकार ऐन तारुण्यात येतो. अंगाला अन्नातली साखर वापरता येत नाही. मग अंग आपलंच मांस, आपलीच चरबी जाळत सुटतं. माणूस खातं आणि तरी वाळतं. पाणी पितं आणि तरी तहान भागत नाही. शेवटी रक्तच आंबल्यासारखं होतं आणि शुद्ध जाते.

चंद्रकलाच्या डोळ्यांपुढं आगारासमोरचा फलक उभा राहिला. उजवीकडचा तो फोटो. सगळं गाव त्याच्याकडं बघून म्हणत होतं, कशी छान झाली बघा पोर. ते औषधाचं यश नव्हतं. तो आजार होता, भर चौकात टांगलेला.

"म्हणजे कॅप्सूलनं काही झालं नाही?"

"कॅप्सूलमध्ये वाळलेला पाला आहे. त्यानं ती वाळलीही नाही आणि मेलीही नाही."

"आणि वेळेवर कळलं असतं तर?"

"रोज इन्सुलिनची सुई. बाकी काही नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी चादरीखालून हर्षदाचा डावा हात बाहेर घेतला.

बोटांच्या टोकांवर बारीक टोचल्याच्या खुणा होत्या. काही भरून आलेल्या, दोन अगदी ताज्या. बोट टोचून थेंबभर रक्तानं साखर मोजायचं यंत्र असतं, त्याच्या खुणा.

आकडा कसला ते चंद्रकलाला तिथंच कळलं. चारशे. पाचशे. ती रक्तातली साखर होती. पण मग आकडा चढला म्हणून पोर आनंदानं बापाला फोन का करत होती? तिला तो कसला आकडा आहे हेच माहीत नव्हतं. कुणीतरी तिचं मरण जवळ येताना मोजत होतं आणि तेच तिला आनंदाची बातमी म्हणून सांगत होतं.

५

साखर मोजायचं यंत्र त्या दुकानात कुणाकडं असेल, हे विचारायची गरज नव्हती. ते शेठच्या घरात होतं. घरात माणसं तीन. त्यातलं कोण?

गोजाबाई अजून दुकानाच्या पायरीवरच होती. चंद्रकला तिच्या शेजारी जाऊन बसली. दुपारभर कुणी तिच्याशी नीट बोललं नव्हतं, त्यामुळं विचारताच ती मोकळी झाली. पोर दिवसभर पाणी प्यायची. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायचा. आणि भूक तर इतकी, की गोजाबाईच्या डब्यातली भाकरी ती गोदामात जाऊन गपागप खायची.

"मला म्हणायची, गोजाबाई, कुणाला सांगू नको हां. फलकावर लिहिलंय, मला भूक लागत नाय म्हणून."

चंद्रकलानं दुसरीकडं तोंड फिरवलं. गोजाबाई बोलतच होती. संक्रांतीपासून पोरीचं आणखी एक गाऱ्हाणं होतं. शेठाणींनी दिलेला चहा तिला पांचट लागायचा, साखर नसल्यासारखा. इतरांचा तर चांगला गोड असायचा, गोजाबाई स्वतः तोच प्यायची. हर्षदा हसून म्हणायची, आपला पाला गोडी मारतो ना, मी रोज कॅप्सूल घेते, म्हणून मला तसा लागतो.

चंद्रकला उठली, घरी गेली. कपाटातली 'वनकाया'ची डबी काढली, एक कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली आणि थोड्या वेळानं आगाराजवळच्या टपरीवर जाऊन चहा मागितला. पहिला घोट घेतला. चहा गोड होता. दुसरा घोट घेतला. तोही गोडच.

पेला हातात धरून ती तशीच उभी राहिली. दुपारी तिनं पाला चावला होता, जिभेला लागला होता, म्हणून गूळ मातीसारखा लागला. कॅप्सूलमधला पाला जिभेला शिवतच नाही. तो सरळ पोटात जातो. मग हर्षदाच्या चहाची गोडी पाल्यानं मारलीच नव्हती.

तिच्या चहात साखर नव्हतीच.

आणि साखर न घालणारा हात कुणाचा, ते त्याच हाताच्या धनिणीनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं.

६

स्वयंपाकघरात तिन्हीसांजेचा चहा चुलीवर होता. एक मोठं पातेलं, एक लहान. चंद्रकलानं शेठना आणि चैतन्यला तिथंच बोलावून घेतलं. कुसुमावतीकाकूंनी रीत म्हणून विचारलं, चहा घेणार का.

"घेईन," चंद्रकला म्हणाली. "हर्षदाला द्यायचात तो द्या."

काकूंचा हात सवयीनं लहान पातेल्याकडं गेला. दांडी धरली आणि तिथंच थांबला.

चंद्रकलानं पुढं होऊन त्या लहान पातेल्यातला चहा स्वतः कपात ओतला, एक घोट घेतला आणि कप शेठच्या हातात दिला. शेठनी तो चाखला. हा माझा चहा आहे, बिनसाखरेचा, असं ते गोंधळून म्हणाले.

"हो, शेठ. साखरेचा आजार असलेल्या माणसाचा चहा. संक्रांतीपासून तो हर्षदालाही जात होता. का, ते काकूंना विचारा."

चैतन्य मध्ये पडला. हर्षदाचं वजन वाढू नये म्हणून आईनं साखर कमी केली असेल, त्यात काय एवढं, असं तो म्हणाला. चंद्रकलानं त्याचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की तसं असतं तर काकूंनी मघाशी माझ्यापासून ते लपवलं नसतं, सगळ्यांना देत तसाच चहा दिला असं सांगितलं नसतं. हर्षदाच्या बोटांवर तुमच्या यंत्राच्या खुणा आहेत. शेठना घड्याळाचे काटे दिसत नाहीत, ते यंत्रावरचा आकडा वाचणार नाहीत. काकूंना आकडा कळतो. शेठचं बोट त्या रोज टोचतात. आकडा बघून त्या घाबरल्या, म्हणून साखर बंद केली. पण आकडा वाढला की पोरीला आनंद व्हायचा. तिला तसं कुणी तरी समजावलं होतं. जी बाई भीतीपोटी साखर बंद करते, ती पोरीला आकडा वाढल्याचे पेढे वाटायला सांगणार नाही. ते सांगणारं माणूस वेगळं आहे.

"आणि त्या माणसानं मला मघाशी फोनवर हजारांचे आकडे दाखवले," चंद्रकला म्हणाली. "चारशे कुठं दिसेना, चैतन्य."

चैतन्य काही बोलायच्या आत काकू खाली बसल्या. जमिनीकडं बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं. संक्रांतीच्या सुमाराला हर्षदा दारात भोवळ येऊन पडली होती. त्यांना शंका आली, म्हणून शेठच्या यंत्रावर बघितलं. चारशेच्या वर. त्यांनी मुलाला हाक मारली. दवाखान्यात नेऊ म्हणाल्या. चैतन्य म्हणाला, सुई सुरू झाली की तिचं अंग परत भरेल. ती आजारानं वाळली होती हे गावाला कळेल, मुंबईची माणसं परत जातील. होळीपर्यंत जाऊ दे, मग आपणच नेऊ. हर्षदाला त्यानं सांगितलं, की हे यंत्र वितळलेली चरबी मोजतं, जितका आकडा मोठा तितकं औषध लागू. ती त्यानंतर स्वतःच बोट पुढं करायची.

"मी चहातली साखर काढली," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, तेवढ्यानं निभेल. देवाला हात जोडत होते रोज."

चैतन्यचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं नाकारलं नाही. "मी तिला मारलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी फक्त थोडं थांबलो होतो."

कांतीलाल शेठ खुर्चीचा हात चाचपत उभे राहिले. त्यांना बायको कुठं बसली आहे ते दिसत नव्हतं. आवाजाच्या रोखानं ते वळले.

"माझी सुई या घरात असते," ते म्हणाले. "त्या फ्रिजमध्ये. रोज सकाळी तू मला टोचतेस. भिंतीपलीकडं पोर मरत होती, कुसुम, आणि औषध इथं, आपल्या दुधाशेजारी होतं."

काकूंनी पदर तोंडात कोंबला. चंदू दाराशी येऊन उभा राहिला होता. चंद्रकलानं त्याला मानेनं खूण केली आणि चैतन्य त्याच्यामागून निमूट चालू लागला. देवजीवरची तक्रार शेठनी त्याच संध्याकाळी मागे घेतली. ठाण्यात येऊन, अंदाजानं कागदावर बोट टेकवून, त्यांनी सही कुठं करायची ते विचारलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदाला पाड्यावर नेलं. पुढं शववाहिका, मागे पोलिसांची जीप. देवजी लेकीजवळ बसायला तयार नव्हता. तिला मारणाऱ्यानं तिच्याजवळ बसू नये, असं तो म्हणाला. म्हणून चंद्रकलानं त्याला आपल्या शेजारी घेतलं आणि मोखाड्याचा रस्ता लागल्यावर सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आजार, यंत्र, आकडा, न दिलेली सुई, चहा, होळीनंतर येणारी माणसं.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग विचारलं, "पाल्याचं कायच नव्हतं?"

"नाही. पाला बेडकीचाच होता. तुमच्या हातून काही चुकलं नाही."

तो सुटकेचा श्वास टाकेल, असं चंद्रकलाला वाटलं होतं. रात्रभर तिनं त्याच एका क्षणाचा विचार केला होता. पण देवजीचा चेहरा उलट अधिकच ओढला गेला.

"पाल्यानं मारली असती तर बरं होतं," तो म्हणाला. "पाल्याला काय कळतंय, बाय? माणसांना कळत होतं."

रस्ता घाटातून खाली उतरू लागला. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मध्येच एखादं पळसाचं झाड फुललेलं. बऱ्याच वेळानं देवजीनं चालकाला गाडी थांबवायला सांगितली. उतरून पुढच्या गाडीत लेकीजवळ जाऊन बसतो, असं तो म्हणाला. पण दोन्ही गाड्या थांबल्यावर त्यानं दार उघडलं आणि तसाच बसून राहिला.

"ती सुई घेतली असती तर जगली असती का?"

चंद्रकलाला खोटं बोलता आलं असतं. पण या माणसाशी सगळेच खोटं बोलले होते.

"जगली असती," ती म्हणाली. "लग्न झालं असतं, पोरंबाळं झाली असती. म्हातारी झाली असती, दादा. सुई तेवढी रोज घ्यावी लागली असती."

"रोज कोण टोचतं?"

"घरातलं कुणीही. दवाखान्यात शिकवतात."

देवजीनं आपले हात मांडीवर उलटे ठेवले. कोयता धरून घट्टे पडलेली बोटं त्यानं हळूच जुळवली, एखादी बारीक, नाजूक वस्तू धरावी तशी, आणि त्यांच्याकडं बघत राहिला.

"मी शिकलो असतो," तो म्हणाला.

मग तो खाली उतरला आणि पुढच्या गाडीकडं चालत गेला.